आठ पानांपुढे

मोरोपंतांनी सुतळीची गाठ दातांनी सोडवली, वरचा कागद बाजूला केला आणि पुस्तकाचे नाव न बघताच ते आडवे धरून त्याची वरची कड डोळ्यांजवळ नेली. पहिली आठ पाने कापलेली होती. पुढचा सगळा गठ्ठा छापखान्यातून आला तसा जोडलेलाच होता.

"आठ," ते म्हणाले. "फक्त आठ!"

समोर उभ्या असलेल्या उत्तमरावांना या आठाचे काय करायचे ते कळेना. नांदगाव पेठेला त्यांचा भाजीचा मळा होता. दर शनिवारी ते बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला माल घेऊन जात. जाताना मोरोपंतांचे एक पुस्तक त्यांच्या मुलीच्या, ताराच्या सासरी पोचवत आणि मागचे परत आणत. त्याबद्दल ते काही घेत नसत. पुस्तकाला वजन ते किती, असे म्हणत.

"निरोप काही?"

"निरोप नाई. हे कार्ड देल्लं," उत्तमराव म्हणाले. मग पागोटे सारखे करत थोडे घुटमळले. "पंत, मी काय म्हणतो..."

पण पंतांचे लक्ष कार्डात गेले होते. उत्तमरावांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि ते निघून गेले.

कार्डावर चारच ओळी होत्या. 'ती. नाना, तुमचंच खरं. या कवीच्या आठ पानांपुढे मला जाववलं नाही. हल्लीच्या कवितेत काही राम उरला नाही. तरी पुस्तकं पाठवत जा.' अक्षर मोठे, ओळी उतरत्या, शेवटची तर पत्त्याच्या रेघेवर चढलेली. सासरी कामाचा रगाडा असणार, घाईघाईत खरडले असणार, असे मोरोपंतांच्या मनात आले. कार्ड त्यांनी तीनदा वाचले. तिसऱ्या वेळी मोठ्याने वाचले, ऐकायला कोणी नसताना.

त्या काळी पुस्तके पाने न कापताच येत. छापलेले मोठे कागद घड्या घालून शिवलेले असत, आणि पहिल्या वाचणाऱ्याने चाकूने एकेक घडी कापत पुढे जायचे असे. मोरोपंतांची साठी जवळ आली होती; अमरावतीच्या वाचनालयात ते बावीस वर्षे ग्रंथपाल होते. पुस्तक परत आले की ते आधी कड बघत. गावात कोण काय बोलते यापेक्षा कोणी किती कापले यावर त्यांचा भरवसा. एका बड्या वकिलांनी एका जाडजूड ग्रंथावर तासभर व्याख्यान झोडले होते; त्यांची प्रत परत आली तेव्हा प्रस्तावनाच तेवढी कापलेली होती. मोरोपंत कोणाला काही बोलले नाहीत, पण पुढे त्या वकिलांचा नमस्कार घेताना त्यांच्या मिशीत जे हसू येई ते त्यांना लपवता आले नाही ते नाहीच.

ताराची आई ती सात वर्षांची असताना गेली. शाळा सुटली की पोर वाचनालयात येई आणि बापाच्या टेबलाखाली बसे. कवितेचे नवे पुस्तक आले की पहिला चाकू तिचा. मोरोपंतांना या नव्या कवींचा तिटकारा. आर्या नाही, ओवी नाही. कोणी सुनीत लिहितो, कोणी तर मुक्तछंद म्हणून गद्याचेच तुकडे पाडतो! तारा भांडे. वाचलेल्या पुस्तकात चिठ्ठी घालून ठेवी : 'नाना, पान एकतीस वाचाच.' मोरोपंत चिठ्ठी वाचत, आणि उत्तर लिहून तिथेच ठेवत : 'वाचण्यासारखे असते तर कवीने यमक जुळवले असते.' पान एकतीस त्यांनी कधी वाचले नाही. खरे सांगायचे तर त्यातले कोणतेच पान त्यांनी वाचले नव्हते. बाकी सगळ्या गावाचे बिंग त्यांना ठाऊक होते, आणि त्यांचे हे एक फक्त ताराला.

लग्न होऊन ती अकोल्याला गेली तरी भांडण चालू राहिले. पुस्तक जाई, चिठ्ठी येई, उत्तर जाई. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे पाणीसुद्धा घेऊ नये, ही रीत मोरोपंत काटेकोर पाळत. त्यामुळे सहा वर्षांत त्यांनी तिच्या सासरचा उंबरा ओलांडला नव्हता. दिवाळीला तीच येई. यंदा मात्र आली नव्हती. सासूबाईंना बरे नाही, असे पत्र आले होते. त्याआधी श्रावणात तिला ताप आला होता आणि उतरलाही होता.

तेव्हापासूनच पाने कमी होत चालली होती. आधी बत्तीस, मग चोवीस, मग सोळा. कापणीही वेडीवाकडी, आणि कडांना पिवळे डाग. 'हळदीच्या हाताने पुस्तक हाताळू नये, हे तुला मी सांगायला हवे काय?' असे त्यांनी मागच्याच महिन्यात लिहून विचारले होते. चिठ्ठ्याही थांबल्या होत्या. त्याचा अर्थ मोरोपंतांनी आपल्या धंद्याच्या सवयीने लावला : पोरीला कवींचा कंटाळा आला. बापाचे म्हणणे उशिरा का होईना, पटले.

आणि आता तर तिने लिहूनच दिले होते.

वाचनालयाच्या कमिटीची बैठक बुधवारी भरली. अध्यक्ष रामराव वकिलांना कवितेवर होणारा खर्च मुळातच खुपत होता. एरवी मोरोपंत अशा वेळी, ताराची आठवण ठेवून, "असू द्या चार पुस्तकं, मुलं वाचतात" असे पुटपुटत आणि यादी तशीच मंजूर होई. या वेळी ते उभे राहिले. त्यांनी खिशातून कार्ड काढले.

"माझी तारा लहानपणापासून नवी कविता वाचते. तिच्याएवढा वाचक या जिल्ह्यात दुसरा नसेल," ते म्हणाले, आणि त्यांनी कार्ड वाचून दाखवले. शेवटचे वाक्य तेवढे गाळले.

रामराव खूश झाले. पुढच्या पाडव्यापर्यंत कवितेचे एकही नवे पुस्तक घ्यायचे नाही, असा ठराव झाला. खरेदीची यादी त्याच संध्याकाळी पुण्याला रवाना झाली. मोरोपंत घरी आले आणि एकटेच असूनही त्यांनी भाताबरोबर थोडे तूप जास्त घेतले. जन्मभराचे भांडण जिंकले की माणसाला भूक लागते.

शनिवारी उत्तमराव आले तेव्हा मोरोपंतांनी रिकामे हात दाखवले.

"आज काही नाही उत्तमराव. कवितेची पुस्तकं बंद. तारालाही आता नकोत ती."

उत्तमरावांनी खांद्यावरचे उपरणे काढले, हातात गुंडाळले, परत खांद्यावर टाकले.

"मंग ताराबाई दिवसभर काय करतीन?"

"म्हणजे?"

"पंत, तुमाले खरंच कोणी सांगतलं नाई?"

"काय सांगितलं नाही?"

"मी दारावरचा माणूस. पुस्तक देतो अन् येतो. मी काहून बोलू?" त्यांनी मान खाली घातली. "पर तुमी एक डाव जाऊन या. रीतभात राहू द्या बाजूले. लेकीच्या घरी जाऊन या."

मोरोपंतांनी आणखी दोनदा विचारले. उत्तमराव पुढे एक अक्षर बोलले नाहीत.

वाचनालयाला सोमवारी सुटी असे. सोमवारी सकाळच्या गाडीने मोरोपंत निघाले. पिशवीत एक धोतर आणि ते आठ पानांचे पुस्तक. पुस्तक का घेतले ते त्यांना सांगता आले नसते. रिकाम्या हाताने जायचे नाही एवढेच. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यांनी पोरीच्या सासरच्या माणसांवर नाही नाही ते आरोप ठेवून पाहिले. सासू छळत असेल. जावई दुसरे लग्न करत असेल. पोरीला माळ्यावर कोंडले असेल. अकोला आले तेव्हा त्यांचे हात भांडायला शिवशिवत होते.

दार ताराच्या सासूबाईंनी, गोदावरीबाईंनी उघडले. ठेंगणी, काळीसावळी, कपाळ उघडे. व्याह्यांना पाहून त्यांनी पदर सारखा केला, पण आश्चर्य काही दाखवले नाही.

"आलात," त्या म्हणाल्या. "बरं झालं. माझ्या जिवावरचं ओझं गेलं."

"तारा कुठं आहे?"

"आहे मागं. आधी पाणी घ्या."

मोरोपंतांनी तांब्या घेतला आणि घटाघटा पाणी प्यायले. आपण काय केले ते त्यांच्या ध्यानातही आले नाही.

मागच्या सोप्यात तारा मेथी निवडत बसली होती. उन्हाची तिरीप थेट तिच्या चेहऱ्यावर येत होती आणि ती डोळे मिटत नव्हती. बोटे भराभर चालली होती. देठ एकीकडे, पाने एकीकडे. मोरोपंत दारात उभे राहिले. तिने मान वर केली. ती त्यांच्याकडे बघत होती, म्हणजे त्यांच्या खांद्याच्या थोडे पलीकडे, भिंतीकडे.

"कोण आलं, सासूबाई?"

मोरोपंत नुसतेच खाकरले.

ताराचे हात थांबले.

"नाना?"

ते तिच्या पुढ्यात मेथीतच बसले. त्यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि ते लहान मुलासारखे रडले. भांडायला आणलेले सगळे शब्द कुठल्या कुठे गेले.

श्रावणातला तो ताप विषमज्वर होता. एकवीस दिवस राहिला. उतरला तो डोळे घेऊनच. जावई कमलाकांत अकोल्याच्याच एका शाळेत शिक्षक होते. त्यांनी तिला नागपूरला नेऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवले. डोळ्यांची नस वाळली, असे डॉक्टर म्हणाले. आधी धूसर दिसे, मग उजेड-अंधार कळे, मार्गशीर्षापासून तेही नाही. हे सगळे गोदावरीबाईंनी दाराला टेकून, उभ्याउभ्याच सांगितले.

"मला का नाही कळवलं?" मोरोपंतांचा आवाज चढला. "विहीणबाई, मी बाप आहे तिचा!"

"मला ओरडू नका. आम्हा मायलेकांना माझ्या गळ्याची आण घातली होती तिनं. मी अडाणी बाई, मला लिहिता येत नाही, नाहीतर आण मोडून लिहिलं असतं." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "तुमचं पुस्तक आलं की ते उराशी धरून बसायची. मग मला म्हणायची, सासूबाई, सुरी घ्या अन् एवढी पानं कापा. ती म्हणेल तेवढी मी कापायची. स्वयंपाकघरातलीच सुरी, दुसरी कुठली असणार घरात? एकदा हात पुसायला विसरले तर तुमचं रागाचं पत्र आलं."

मोरोपंतांना त्या पत्राचे शब्द आठवले आणि जीव नकोसा झाला. बावीस वर्षे त्यांनी कडा वाचल्या होत्या. त्यांच्या मिशीतल्या हसण्याला गाव टरकून होते. आणि स्वतःच्या पोरीचे पुस्तक समोर असताना त्यांना एवढेही वाचता आले नव्हते.

"असं का केलंस, बाळ?"

"तुमचं पत्र यायचं ना दर आठवड्याला," तारा म्हणाली. "हे वाचून दाखवायचे. तुम्ही कवींना शिव्या दिल्या की आम्ही दोघं हसायचो. डोळे गेले असं कळवलं असतं, तर तुम्ही कवींना शिव्या दिल्या असत्या काय? नुसतं 'प्रकृतीस जपावे' लिहिलं असतं. आपलं भांडणच संपलं असतं, नाना. तिकडे एकटे तुम्ही, दुसरं होतंच काय आपल्या दोघांत?"

"मग हरलीस कशाला? कार्डात लिहिलंस ते..."

"न वाचता किती दिवस भांडणार? खोटं खोटं आवडलं म्हणायचं, तर तुम्ही विचारणार कोणतं पान. ते कुठून आणू? म्हटलं, हरलेलंच बरं."

"आणि जावईबापू? ते नाही वाचून दाखवत?"

तारा हसली. तिचे हसणे तसेच होते, नाकाला बारीक सुरकुती पाडणारे.

"वाचतात की रविवारी. भूगोल शिकवतात ना. नकाशावरची गावं वाचावीत तशी कविता वाचतात. मीच नको म्हणते."

गोदावरीबाई आत गेल्या. मोरोपंतांनी डोळे पुसले आणि गाडीत ठरवून आलेले वाक्य एकदाचे बोलून टाकले.

"चल माझ्याबरोबर. आजच चल. मी करीन तुझं सगळं."

ताराने मान हलवली.

"हे घर मला पाठ झालंय, नाना. विहिरीपर्यंत एकोणीस पावलं, चुलीपर्यंत सात. अमरावतीचं घर मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तिथं आले तर रोज नव्यानं आंधळी होईन. आणि तुम्ही काय कराल? दिवसभर माझ्याकडे बघत बसाल. मला ते दिसायचं नाही, पण कळेल."

मोरोपंतांनी पिशवीतून पुस्तक काढले. कागदाच्या आवाजाबरोबर ताराने मान तिकडे वळवली.

"तेच आहे? निळं? सासूबाई म्हणाल्या होत्या निळं आहे."

"निळंच आहे."

त्यांनी गोदावरीबाईंची सुरी मागून घेतली आणि नववे पान कापले. जन्मात पहिल्यांदा मोरोपंत नवी कविता वाचायला बसले. सुरुवातीला ते अडखळले, कारण ओळ कुठे संपते आणि श्वास कुठे घ्यायचा तेच कळेना. तारा म्हणे, "सावकाश, नाना. गोष्ट सांगितल्यासारखं वाचा." मग त्यांना थोडे जमू लागले. काही कविता टाकाऊ होत्या, आणि तसे ते म्हणाले. ताराने एका कवितेवरून त्यांच्याशी चांगलेच भांडण काढले. पाने कापता कापता ते एकोणिसाव्या पानावर आले.

'दिवा मालवला, तेव्हा कळलं
ही खोली आपल्याला
किती दिवसांपासून ओळखत होती.'

पुढची ओळ मोरोपंतांना वाचता येईना. यमक नव्हते, वृत्त नव्हते. आणि ही ओळ लिहिणाऱ्या त्या अनोळखी माणसाचे पाय धरावेत असे त्यांना वाटले. अशी किती पाने पोरीने चिठ्ठी घालून दाखवली होती, आणि किती आपण न बघता मिटून ठेवली! आता ती सगळी वाचायची म्हटले, तरी तिचे डोळे असतानाचे ते दिवस पुन्हा कसे यायचे?

"थांबलात का? आवडली नाही?"

"ठीक आहे," मोरोपंत म्हणाले. "बरा आहे हा कवी."

"बरा!" तारा खुदकन हसली. मग तिचा चेहरा गंभीर झाला. "पुन्हा वाचा ती."

त्यांनी पुन्हा वाचली. मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी ती त्यांच्याबरोबर म्हणू लागली.

चार वाजता पुस्तक संपले. परतीची गाडी साडेपाचची होती. दारापर्यंत तारा भिंतीला हात न लावता आली, मोजकी पावले टाकत, बापाला दाखवायला.

"आता पुढचं पार्सल कधी यायचं पुण्याहून?" तिने विचारले. "नवीन काय काय मागवलंय?"

मोरोपंतांच्या खिशात अजून ते कार्ड होते. पुढच्या पाडव्यापर्यंत एकही नाही, आणि तेही तुझेच कार्ड वाचून मी बंद पाडले, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचे? त्यांनी परसाकडे पाहिले. दोरीवर गोदावरीबाईंचे लुगडे वाळत होते.

"एक आहे," ते म्हणाले. "'परसातली उन्हं' नावाचं."

"कोणाचं?"

"आहेत कोणी मोर्शीकडचे. तू नाव ऐकलं नसशील. पहिलाच संग्रह."

"तरुण आहेत?"

"नाही. साठीला आलेत."

"साठीला आले, आणि पहिला संग्रह?"

"गोडी जरा उशिरा लागली त्यांना," मोरोपंत म्हणाले. आवाज नेहमीसारखा राहावा म्हणून त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"छापून झाला?"

"अजून नाही. लिहिणं... म्हणजे छपाई चालू आहे."

ताराने हात पुढे केला, चाचपडत त्यांची बाही शोधली आणि अंगरख्याच्या सुटलेल्या बंदाची गाठ घालून दिली.

"त्यांना सांगा, घाई करू नका म्हणावं," ती म्हणाली. "मी इथंच आहे."